सावली मध्येच बोलते

निकालाच्या दिवशी रडत येणाऱ्या पालकांची मला भीती वाटत नाही. भीती वाटते ती पेढे घेऊन येणाऱ्यांची. रडणाऱ्याला समजावता येतं, पण पेढा आपल्या तोंडात घातल्यावर त्या माणसाला काय सांगणार?

यंदा अर्णवची आई पेढे घेऊन आली. "बाई, अठ्ठ्याऐंशी मिळाले!" तिच्या मागे उभा असलेला एक बाप मात्र तोंड पाडून होता. "आमच्याला बावन्न. जेमतेम पास झाला की वो. बाकीचे अठ्ठेचाळीस मार्क कुठं गेले?"

"ते मार्क नाहीत," मी म्हटलं.

"मग काय हाय?"

हे "मग काय हाय" सांगण्यासाठीच सरकारने मला इथे बसवलं आहे. मी संजीवनी शिंत्रे. तासगाव तालुक्यात पंचवीसेक वर्षं तिसरीचे वर्ग सांभाळले. पुढे चाचणी यंत्र घेऊ लागलं, निकालही यंत्र लावू लागलं, आणि तो निकाल समजून घ्यायचं काम तेवढं आईबापांकडे राहिलं. दोघांच्या मध्ये एक माणूस हवा होता. माझ्या पदाचं नाव आहे 'पालक-संवादक, मूल्यमापन'. वाडीत मला निकालवाल्या बाई म्हणतात.

आमची वाडी बेदाण्याची. इथे काहीही समजवायचं तर बेदाण्यातूनच समजवावं लागतं. मी त्या बापाला म्हटलं, "शंभर बेदाणे घ्या. लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीनं मांडा. तुमच्या पोराच्या मागं बावन्न आहेत, एवढाच याचा अर्थ. राज्यातल्या तिसरीच्या शंभर पोरांत तो बावन्न जणांच्या पुढे आहे. पास नाही, नापास नाही."

बेदाणा चाळून मोठा, मधला, बारीक वेगळा करायच्या जाळ्या त्याच्या डोळ्यांपुढे आल्या. "म्हंजे माझा पोरगा मधल्या जाळीचा माल?"

माझंच चुकलं. बेदाणा नको होता घ्यायला.

पायाचाचणी कशी चालते तेही इथेच सांगून टाकते. पूर्वीसारखा सगळ्यांना एकच पेपर नसतो. मूल पडद्यासमोर बसतं, कानाला हेडफोन, आणि एक बाईचा आवाज मराठीत प्रश्न विचारतो. उत्तर बरोबर आलं की पुढचा प्रश्न जरा अवघड, चुकलं की जरा सोपा. जिन्यासारखं हे प्रकरण आहे. मूल वर-खाली करत शेवटी कुठल्या पायरीवर घुटमळतं ते यंत्र पाहतं. उत्तराला किती वेळ लागला हेही मोजतं. बरोबर उत्तर फार उशिरा आलं तर ते चाचपडत दिलेलं, म्हणून मुलाला उलट एक पायरी खाली आणतं. शास्त्र चांगलं आहे, मी नावं ठेवत नाही. निकालाखाली बारीक अक्षरात लिहिलेलंही असतं की हा आकडा थोडा इकडेतिकडे असू शकतो. ते बारीक अक्षर वाचणारा पालक मी अजून पाहिलेला नाही.

इथपर्यंत माझं काम बरं चाललं होतं. मग गेल्या वर्षी सावली आली.

तिचं सरकारी नाव 'उमज'. मुलाने दिलेली उत्तरं, मध्ये घेतलेला वेळ, नजर कुठे फिरली, शाळेतल्या नोंदी आणि मुलाच्या आवाजाचा नमुना, हे सगळं एकत्र करून यंत्र त्या मुलाचं एक बोलणारं प्रतिरूप तयार करतं. पालकाने प्रतिरूपाला विचारायचं, "बाळा, हे उत्तर का चुकलं?" आणि ते मुलाच्याच आवाजात सांगतं, "मला वाटलं, बेरीज करायची आहे." आता एका मुलाच्या अर्ध्या तासावरून आख्खं मूल कसं उभं करणार? म्हणून जिथे माहिती कमी पडते तिथे यंत्र राज्यातल्या लाखो मुलांच्या बोलण्यावरून बेतलेलं सरासरी मूल भरतं. फाटक्या गोधडीला दुसरीकडचं ठिगळ लावतात तसं. फरक एवढाच की गोधडीवरचं ठिगळ दिसतं.

वाडीने पहिल्याच आठवड्यात तिला सावली म्हणायला सुरुवात केली आणि पालक तिच्या प्रेमातच पडले. अर्णवची आई त्याच्या दुसरीच्या निकालापासून दर शनिवारी यायची. "घरातलं कारटं एका शब्दानं काही सांगत नाही हो बाई. सावली कशी गोड बोलते." त्या वेळी अर्णव बाहेर पटांगणात ओरडत असायचा. मी एकदा विचारलं, त्याला आत बोलावू का? तर म्हणाली, "नको, तो आला की गोंधळ घालतो."

मला हे आवडत नव्हतं. पण न आवडणं हा काही शास्त्रीय मुद्दा नाही, म्हणून मी गप्प होते.

यंदा पेढे आले त्याच दुपारी प्रथमेश माने आला.

प्रथमेश बेदाण्याच्या शेडमध्ये छाननीचं यंत्र चालवतो. पट्ट्यावरून बेदाणा पळत येतो, उजेडात काळपट दाणा दिसला की हवेचा झोत त्याला बाजूला उडवतो. ते यंत्र प्रथमेशशिवाय कुणाचं ऐकत नाही असं शेडचा मालक म्हणतो. त्याची बायको मस्कतला नर्स आहे, करार संपायला अजून वर्ष आहे. तोवर घरात बाप आणि लेक, दोघंच. लेकीचं नाव ईश्वरी.

प्रथमेश लहानपणापासून अडखळत बोलतो. सगळ्यात जास्त अडतो तो स्वतःच्या नावावर.

"बा-बाई," तो खुर्चीच्या टोकावर बसला, "ईशूचा नि-नि—"

"निकाल," मी म्हटलं. "हो, आलाय."

पडद्यावर आकडा होता एकोणीस. खाली दोन ओळी होत्या: 'प्रतिसाद मंद. आकलन अनिश्चित.' मी बेदाणे न घेता एकोणीसचा अर्थ सांगितला. एका दिवसाची एक चाचणी, आकडा इकडेतिकडे होतो, वर्गात ती अगदी व्यवस्थित आहे, हेही सांगितलं. तो ऐकत होता, पण त्याची नजर त्या दोन ओळींवरून हलत नव्हती.

"हिला वि-विचारू?" त्याने सावलीच्या बटणाकडे बोट केलं.

नियमाप्रमाणे मी नाही म्हणू शकत नाही. सावली सुरू झाली आणि खोलीत ईश्वरीचा आवाज आला. तोच थोडासा बसका, गोड आवाज.

"अण्णा, मला प्रश्न कळायला वेळ लागतो. घरी सलग बोलणं माझ्या फार कानावर पडत नाही, म्हणून असेल. माझ्याशी रोज भरभर, ओघानं बोलणारं कुणी असलं तर मला मदत होईल."

वडिलांच्या अडखळण्याची नोंद शाळेच्या प्रवेश-अर्जात होती. यंत्राने ती उचलली, मंद प्रतिसादाशी जोडली आणि सल्ला देऊन मोकळं झालं. उचलली जीभ लावली टाळ्याला. यंत्राला जीभ नाही आणि टाळूही नाही, पण म्हण मात्र लागू पडते.

प्रथमेशचा चेहरा मी विसरणार नाही. कुणीतरी अनेक वर्षांचा संशय खरा करून दाखवावा तसा तो दिसत होता.

"म्हंजे मा-मा—"

"तुमच्यामुळे? छे हो!" मी म्हटलं. "असं काही नसतं. यंत्राचा अंदाज आहे तो."

त्याने मान हलवली, उठला आणि गेला. दोन दिवसांनी निरोप आला: ईश्वरीचा दाखला तयार ठेवा, तिला सांगलीला मामाकडे पाठवतोय. चौथीपासून तिथेच शिकेल.

ईश्वरीचा मामा वकील आहे. एकदा तो शाळेच्या कार्यक्रमाला पाहुणा म्हणून आला होता, आणि त्याचं भाषण संपेपर्यंत मुलांना वाटण्याची भेळ नरम पडली होती. भरभर आणि ओघानं बोलणारा माणूस हवा असेल तर यापेक्षा चांगला मिळणं कठीण. यंत्राचा सल्ला प्रथमेशने अगदी तंतोतंत पाळला होता.

मी शेडवर गेले. यंत्राच्या खडखडाटात उभी राहून त्याला म्हटलं, "प्रथमेश, अडखळणं असं ऐकून लागत नाही. ती शाळेत नीट बोलते. तुम्ही तिला का दूर करताय?"

तो हातातली बेदाण्याची मूठ खालीवर करत राहिला. "ती ब-बोलते हो. पण डो-डोक्यात—"

"डोक्यात काही परिणाम झाला असेल, अशी भीती वाटते?"

त्याने मान हलवली. "माझं जे झा-झालं ते ति-तिचं नको."

यावर आकडेवारी काय करणार? मी सांगत राहिले, तो मान हलवत राहिला, आणि दाखल्याचा निरोप काही मागे घेतला नाही. मस्कतहून बायकोनेही तेच सांगितलं म्हणे: तुम्हाला पटतंय ना, मग करा. लांबून ती बिचारी तरी आणखी काय म्हणणार?

परत आले तर ईश्वरी शाळेच्या पायरीवर बसली होती. फ्रॉकच्या खिशातले बेदाणे एकेक काढून खात होती. मला बघून तिने दोन माझ्या हातावर ठेवले.

"सांगलीला जायचंय तुला?" मी विचारलं.

ती लगेच बोलली नाही. मी वाट पाहिली. आता कळतं, तीही वाट पाहत होती, माझं संपलं की आणखी काही आहे याची.

"मामाकडं ट्रॅम्पोलीन हाय," ती म्हणाली.

"मग छानच की."

पुन्हा थोडा वेळ गेला. "पण अण्णांचा फोन कसा व्हायचा?"

"म्हणजे?"

"अण्णांनी कुणाला फोन लावला की सुरवातीला त्यांचा आवाज येत न्हाई. मग लोक हॅलो हॅलो करत्यात आणि ठेवून देत्यात. गॅसवाला तर दरवेळी ठेवतो. मी असले की आधी मीच सांगते, 'थांबा, अण्णा बोलाय लागल्यात.' मग कुणी ठेवत न्हाई."

"अगं, मग तूच का नाही सांगून टाकत, गॅस पाहिजे म्हणून? लवकर होईल."

मी काहीतरी भलतंच बोलले असावे, अशा नजरेने तिने माझ्याकडे पाहिलं. "त्यांचं बोलणं त्यांचं हाय की बाई."

मी तिचे दोन्ही बेदाणे खाल्ले आणि दाखला लिहायला आत गेले. हिला मंद म्हणणाऱ्याच्या कानाखाली द्यावी असं मनात आलं. पण ज्याच्या कानाखाली द्यायची त्याला कान नव्हते.

शनिवारी प्रथमेश दाखला न्यायला आला. ईश्वरी बाहेर मुलींबरोबर खेळत होती. रविवारी सकाळी मामाची गाडी येणार होती. दाखला घडी करून त्याने खिशात ठेवला आणि उठला नाही.

"ए-एकदा सा-सावलीशी बोलू?"

"लेक बाहेर आहे, प्रथमेश. तिच्याशी बोला की."

"ति-तिला कसं वि-विचारू?" तो म्हणाला. मला ते पटलं. काही प्रश्न खऱ्या माणसाला विचारता येत नाहीत.

मी सावली सुरू केली. उठून खिडकीपाशी जाऊन उभी राहिले, पण खोली लहान आहे, ऐकू येणारच.

"ईशू, मी तु-तु-तुला—"

"सांगलीला पाठवताय ना अण्णा? मला चालेल," सावली म्हणाली.

"न्हाई. मी तुला वि-विचा-विचारतोय, तुला मा-मा—"

"मामा आवडतो का? हो, खूप आवडतो!"

प्रथमेश थांबला. त्याने एकदा पडद्याकडे पाहिलं. मग अगदी सावकाश, मुद्दाम परीक्षा घ्यावी तसं, पुन्हा सुरू केलं. "ईशू, ऐ-ऐ—"

"ऐकतेय ना अण्णा!"

मी वळून पाहिलं तर प्रथमेश हसत होता. आवाज न करता, खांदे हलवत हसत होता आणि डोळ्यांतून पाणी येत होतं.

"बाई, ही मा-माझी न्हाई."

माझ्या जिभेवर शब्द तयारच होता. मी म्हणणार होते, "तुमची नाही तर कुणाची?" पण त्याच्या चेहऱ्याकडे पाहून पहिल्यांदाच मी तो गिळला. त्याला पुढे बोलायचं होतं. मी थांबले. फार वेळ लागला. शब्द अडत होते, मागे जात होते, पुन्हा येत होते. मध्ये एकदा मला वाटलं संपलं, पण संपलं नव्हतं. शेवटी वाक्य पूर्ण झालं.

ते असं होतं: "जन्मल्यापासून माझ्या लेकीनं माझं एक वाक्य तोडलं न्हाई, आणि हिनं एका दमात तीन तोडली."

मी इतकी वर्षं त्याची वाक्यं पुरी करत आले होते आणि तो मान हलवत आला होता. चुकीचा शब्द दिला तरी मान हलवायचा, कारण परत पहिल्यापासून सुरू करण्यापेक्षा तेच सोपं होतं. त्या खोलीत माझ्यात आणि सावलीत काही फरक नव्हता. लाज वाटली, पण लाजत बसायला वेळ नव्हता, कारण माझ्या डोक्यात दुसरंच काहीतरी सुरू झालं होतं.

सरासरी मूल मध्येच बोलतं. आपण सगळेच बोलतो. म्हणजे सावलीतली ही मध्येच बोलणारी मुलगी ठिगळाची होती, ईश्वरीची नव्हती. मग बाकीच्यातलं तरी ईश्वरीचं किती? आणि जी ईश्वरी खरोखर त्या पडद्यासमोर बसली होती, तिचं काय झालं होतं?

चाचणीचं मूळ ध्वनिमुद्रण मागवायचा अधिकार पालकाला असतो. तोही बारीक अक्षरात लिहिलेला आहे. प्रथमेशच्या अंगठ्याचा ठसा पडद्यावर घेऊन मी ते उघडलं आणि ईश्वरीला हाक मारली. ती धापा टाकत आली, बापाच्या खुर्चीला टेकून उभी राहिली.

मुद्रण सुरू झालं. चाचणीतली बाई बोलू लागली. "एका टोपलीत चोवीस पेरू आहेत. त्यातले..." आणि आवाज तुटला. खोलीत नुसती घरघर. आवाज पुन्हा आला, "त्यातले निम्मे पिकले..." पुन्हा तुटला. "...पिकलेल्यांपैकी चार..." परत शांतता. "...चार खाल्ले. तर पिकलेले किती उरले?"

नंतरही बराच वेळ काहीच नाही. मग ईश्वरीचा आवाज: "आठ."

उत्तर बरोबर होतं. पडद्याच्या कोपऱ्यात यंत्राची नोंद दिसत होती: 'विलंबित. अनिश्चित.' जिन्यावरून ईश्वरी एक पायरी खाली आली होती. पुढचा प्रश्न सोपा होता. तोही तुटत तुटत आला, तिने तसंच थांबून बरोबर उत्तर दिलं आणि आणखी एक पायरी खाली आली. अवघड प्रश्न तिच्यापर्यंत पोचलेच नव्हते.

"ईश्वरी," मी विचारलं, "उत्तर माहीत होतं तर एवढी का थांबलीस गं?"

ती आधी माझ्याकडे बघत राहिली. माझं संपल्याची खात्री झाल्यावर म्हणाली, "त्या बाई अडखळत हुत्या."

"कोण बाई?"

"यंत्रातल्या. अण्णांसारख्या. मधीच थांबायच्या आणि परत सुरू व्हायच्या. मला वाटायचं प्रश्न संपला, तर आणि असायचाच. म्हणून मग संपल्यावर पण मी जरा थांबत हुते. मधीच उत्तर दिलं असतं तर त्यांना वाईट वाटलं असतं."

प्रथमेशने हात मागे नेऊन तिला जवळ ओढलं आणि तिच्या पोटात तोंड लपवलं. माझेही डोळे भरून आले, ते मी पदराने पुसले. शाळेत साडी नेसून येण्याचा हा एक फायदा.

आवाज का तुटत होता ते प्रथमेशनेच शोधलं. मुद्रणावरची वेळ पाहिली आणि कपाळावर हात मारला. दुपारच्या पाळीला छाननी यंत्राची मोटार तो सुरू करतो, तीच ही वेळ. हंगामात मोटार चालू झाली की वाडीतली वीज दबते. घरातले दिवे मिणमिणतात, त्याची सगळ्यांना सवय झालेली. शाळेतला चाचणीचा डबा मात्र दर वेळी अडखळत होता, आणि घड्याळ प्रश्नाच्या पहिल्या शब्दापासून मोजत होतं.

"म्हंजे त्या बा-बाईंना मीच अ-अ—"

मी थांबले. ईश्वरी थांबली.

"—अडखळायला लावलं," तो म्हणाला, आणि या वेळी आम्ही तिघंही मोठ्याने हसलो.

त्या दुपारच्या बाकीच्या मुलांचं काय झालं तेही मी पाहिलं. आवाज तुटला की त्यांनी अर्ध्या प्रश्नावरच उत्तर देऊन टाकलं होतं. काहींचं बरोबर आलं, काहींचं चुकलं. अठ्ठ्याऐंशीवाल्या अर्णवने निम्मी उत्तरं प्रश्न संपायच्या आत दिली होती आणि त्याचं नशीब जोरावर होतं. ही गोष्ट मी त्याच्या आईला सांगितली, पण पेढे पचल्यावर. ती म्हणाली, "तो घरीपण असंच करतो. माझं बोलणं पुरं ऐकतच नाही." मी म्हटलं, "तुम्ही त्याचं ऐकता?" त्या शनिवारी ती सावलीपाशी न येता पटांगणाच्या कडेला बसली. अर्णव तिच्याशी बोलला का? नाही. पण तिला चेंडू आणून द्यायला लावत होता. सुरुवात म्हणून वाईट नाही.

चाचणी मंडळाला मी सगळं कळवलं. संपूर्ण वाडीची फेरचाचणी मंडळाच्या रीतीप्रमाणे जेव्हा व्हायची तेव्हा होईल. पण ज्या मुलाला यंत्राचा आवाज नीट ऐकू येत नाही त्याच्यासाठी एक सोय आधीपासूनच होती: घड्याळ बंद ठेवायचं, आणि प्रश्न पडद्यावर वाचून एखाद्या परिचित मोठ्या माणसाने विचारायचे. परिचित माणूस कोण असावा, याबद्दल नियमात काही नव्हतं.

"मी विचारते प्रश्न," मी ईश्वरीला म्हटलं.

ती थोडी थांबली. "अण्णांनी विचारले तर?"

प्रथमेश खुर्चीवरून उठलाच. "मी? वा-वाचून? सग-सगळ्यांसमोर?"

"सगळे कुठं हायत?" ती म्हणाली. "मी आणि बाई."

रविवारी मामाची गाडी आली होती. पाच किलो बेदाण्याची पेटी तेवढी घेऊन परत गेली. मामाने जाताना बराच वेळ भाषण केलं, ते प्रथमेशने शांतपणे ऐकून घेतलं आणि शेवटी म्हणाला, "न्हाई." या शब्दावर तो कधीच अडखळत नाही.

फेरचाचणीचा निकालही सांगून टाकते, नाहीतर तुम्ही शेवटपर्यंत आकड्याचीच वाट बघाल. चौऱ्याहत्तर. थोडा इकडेतिकडे. पेढे कुणी वाटले नाहीत. प्रथमेशने जुनी सावली पुसून टाकायला सांगितली आणि नवी करू नका म्हणाला. त्याला जे विचारायचं होतं ते त्याने घरी विचारलं असावं. मला ते माहीत नाही, आणि ते त्यांचं आहे.

मला सांगायचंय ते त्या चाचणीचं. शेडच्या मालकाला सांगून, दुपारभर मोटार बंद ठेवून, आम्ही तिघं खोलीत बसलो. प्रथमेश इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. पहिला प्रश्न एका ओळीचा होता, तो वाचतानाच त्याला घाम फुटला. ईश्वरी पाय हलवत ऐकत राहिली. प्रश्न संपल्यावर जरा थांबली आणि उत्तर दिलं.

पुढचा प्रश्न दोन ओळींचा आला. मग तीन. मी जिना ओळखते. मूल वर चढू लागलं की प्रश्न लांबत जातात, अवघड शब्द येतात. ईश्वरी एकेक पायरी चढत होती आणि प्रत्येक पायरीला तिच्या बापाचं वाचायचं काम वाढत होतं. त्याला ते तिसऱ्या-चौथ्या प्रश्नालाच कळलं. मी पाहिलं, तो घाबरायचं सोडून नव्या प्रश्नाची वाट बघू लागला होता. प्रश्न जितका लांब, तितका त्याचा चेहरा उजळत होता. शर्ट पाठीला चिकटला होता आणि तो मन लावून अडखळत होता.

शेवटचा प्रश्न चांगला परिच्छेदभर होता. शाळेची सहल, बस, मुलं, लाडवांचे डबे. प्रथमेश एकेक शब्द ओलांडत शेवटच्या ओळीपर्यंत आला. "...तर म्-मुलांना प्र-प्र—"

'प्रत्येकी'. त्याच्या नावातलीच अडचण. आयुष्यभर अडवणारा तोच 'प्र'. ओठ मिटले, मान ताणली गेली, डोळे बंद झाले. "प्र-प्र-प्र—"

फार वेळ गेला. मला राहवेना. शब्द माझ्या तोंडात आला होता, तोंडही उघडलं होतं. तेवढ्यात ईश्वरीने माझ्याकडे न बघताच माझ्या मनगटावर हात ठेवला.

"थांबा बाई," ती हळूच म्हणाली. "अण्णा बोलाय लागल्यात."

मी थांबले. प्रथमेशने शब्द पूर्ण केला, मग प्रश्न पूर्ण केला, आणि त्यानंतर ईश्वरीने उत्तर दिलं.